बेडकीचा ब्रेक

माझ्या सासरच्या गावात आमच्या गाडीला बेडकी म्हणतात. वडूजच्या पलीकडे माळावरचं गाव. ट्रॅक्टर, जीप, पिकअप सगळं त्यांनी बघितलेलं. पण जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी, दोनच माणसांची, पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेली तांबडी गाडी आमच्याआधी तिथं कुणी आणली नव्हती. नवऱ्याने ती तरुणपणी कोल्हापुरातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून घेतली. परदेशी बनावटीची, जवळजवळ माझ्याच वयाची, आंब्याखाली वर्षानुवर्षं उभी राहून गंजलेली. साखर कारखान्यातली नोकरी सांभाळून त्याने ती रविवारी रविवारी उलगडली, साफ केली आणि परत जुळवली. आमचा मुलगा चालायला लागला त्याच सुमारास बेडकीही चालायला लागली.

मला तिचं फार कौतुक नव्हतं. माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं; आमच्याकडे गाडी म्हणजे माणसं बसतात ती. पण नवऱ्याला काचबिंदू झाला आणि सगळंच बदललं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग हळूहळू मधलंही गेलं. डॉक्टरांनी करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला, तेव्हा तो म्हणाला, "बेडकी विकून टाक."

मी हो म्हणाले आणि विकली नाही. बॅटरी बसू नये म्हणून रविवारी सकाळी तिला चालू करायचे, साताऱ्यातल्या आमच्या गल्लीतून एक चक्कर मारून आणायचे. तो आत खुर्चीवर बसून असायचा. काही बोलायचा नाही. तेव्हा तो कशाबद्दलच फारसं बोलत नव्हता. मित्रांचे फोन घ्यायचे बंद केले होते. कुणी भेटायला आलं की झोपलोय म्हणून सांग म्हणायचा. मग एका रविवारी मी परत आले तर तो दारात उभा. म्हणाला, "चोक जरा कमी ओढ. पेट्रोलचा वास येतोय." पुढच्या रविवारी तो शेजारी येऊन बसला. त्यानंतर आम्ही बेडकीतूनच सगळीकडे जायला लागलो, आणि असंच एकदा त्याच्या गावी गेलो.

थोरल्या दिरांकडे जेवलो, सीटमागे शेंगांचं पोतं कोंबलं आणि उन्हं कलायच्या आत निघालो. पुसेगाव मागे टाकलं, वर्धनगडचा घाट लागला. घाट काही मोठा नाही, पण साताऱ्याकडे येताना उतार सलग आहे. माझी सवय अशी की उताराला पाय ब्रेकवर अलगद टेकवूनच ठेवायचा. नवऱ्याला ते पटत नसे, पण आता चालवणारी मी होते.

एका वळणावरून पुढे आले तर अख्खा रस्ता मेंढरांनी भरलेला. मी पाय दाबला. पाय खाली गेला आणि जातच राहिला. थेट तळाला टेकला.

"ब्रेक लागत नाही," मी म्हणाले.

"पाय उचल. परत मार. जोरात." तो खुर्चीत बसल्यासारखा शांत होता, फक्त हात डॅशबोर्डवर घट्ट. मी उचलला, मारला. थोडा लागल्यासारखं झालं. "परत मार. दुसऱ्या गिअरवर घे. इंजिन वरडू दे." इंजिन ओरडलं. मेंढरं जवळ येत होती. मी हॉर्न दाबून धरला.

"डोंगर कुठल्या हाताला हाय?" त्याने विचारलं. घाबरला की तो गावाकडचं बोलतो. तेव्हाच मला कळलं की तोही घाबरलाय.

"डाव्या."

"मग डोंगराला घासव. डरू नको. हँडब्रेक हळूहळू वढ, एकदम न्हाई."

मी चाक डावीकडे वळवलं. बेडकीचं डावं चाक गटारात उतरलं, पत्रा मातीच्या कडेला घासत गेला, गचकन एक धक्का बसला आणि आम्ही उभे राहिलो. शेंगांचं पोतं फुटून माझ्या खांद्यावरून शेंगा सांडल्या. काही वेळ शेंगा पडण्याचा तेवढाच आवाज होता.

काठी उगारत मेंढपाळ पळत आला. पागोटं सुटलेलं, श्वास चढलेला. मला वाटलं आता शिव्या देणार. त्याने आधी एक धोंडा उचलून पुढच्या चाकाखाली सारला, मग आत वाकून बघितलं.

"लागलं न्हाई न्हवं ताई?"

"नाही. तुमची मेंढरं?"

"ती शानी हायती. तुमच्यापरास आधी कडंला झाली." मग त्याने नवऱ्याकडे बघितलं. तो अजून डॅशबोर्ड धरून होता. "पावनं, उतरा की खाली. हात द्या हिकडं."

त्याने नवऱ्याला हाताला धरून उतरवलं, कडेच्या सावलीला बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. कुठलं गाव, कुणाचं घर, अशी चौकशी झाली. नवऱ्याने वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा तो हसला. "मंजी आमच्यातलंच की! आन् बसताय असल्या गाडीत?" एक कोकरू नवऱ्याच्या मांडीला लागून उभं होतं. त्याने चाचपून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. लहानपणी तो मेंढरांमागे हिंडला होता, हे मला माहीत होतं. पण त्याला मेंढराला हात लावताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

कोरेगावहून क्रेन येईपर्यंत तो मेंढपाळ थांबला. त्याची माणसं कळप घेऊन पुढे गेली तरी थांबला. पुढे मी दिरांना त्याची चौकशी करायला सांगितलं, तोवर त्यांचा तांडा चाऱ्यासाठी खाली उतरून गेला होता. त्याचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. अजूनही घाटातून जाताना मी मनात मानते.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता मात्र विकायची. भंगारात घाल. माझ्या हौसेपायी तुझा जीव गेला असता."

"ब्रेक का गेला ते कळल्याशिवाय गाडी कुठंही जाणार नाही," मी म्हणाले. "अशी गाडी दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची का?"

खरं सांगायचं तर मला गाडीचं एवढं पडलं नव्हतं. घाटात त्याचा जो आवाज ऐकला होता, तो मला परत हवा होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेकॅनिक आहेत. वयस्कर, मोजकं बोलणारे. त्यांनी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची बाटली काठोकाठ भरलेली. चारही चाकांच्या आतून बोट फिरवलं, कुठं ओल नाही. मग सीटवर बसून पॅडलवर दणकन पाय मारला. पॅडल दगडासारखं घट्ट. "आत्ता तर मस्त लागतोय," ते म्हणाले. मलाच खोटं पडल्यासारखं झालं.

त्यांचा अंदाज असा की ऑइल जुनं आहे. जुन्या ऑइलमध्ये पाणी धरतं, घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पाय दाबला की नुसती वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. गार झालं की सगळं पुन्हा ठीक. नवऱ्यालाही ते पटलं. खरोखर जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं काळं निघालं. नवं भरलं, नळ्यांत शिरलेली हवा काढण्यासाठी पॅडल पुनःपुन्हा तळापर्यंत मारलं, आणि आम्ही निश्चिंत झालो.

ते काही खरं नव्हतं. थोड्याच दिवसांनी पोवई नाक्याच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. मी ब्रेकवर पाय टेकवून थांबले होते. गाडी गार, सकाळची वेळ, कसला घाट नाही. आणि पाय हळूहळू खाली जायला लागला. बेडकी इंच इंच मागे सरकली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी हँडब्रेक ओढला आणि तशीच घरी आले.

त्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठला. "चल," म्हणाला. "मला दाखव." मग स्वतःच थांबला, आणि म्हणाला, "म्हणजे, मला सांग."

अंगणात गाडी उभी होती. मी आत बसले, तो उघड्या दाराशी उकिडवा बसला. इंजिन बंद.

"जोरात दाब."

"घट्ट आहे. वरच्या वर."

"आता हळू. अंड्यावर पाय ठेवल्यासारखा. आणि धरून ठेव."

मी धरून ठेवलं. पॅडल खाली जायला लागलं.

"जातंय," मी म्हणाले.

"कसं जातंय? नुसतं जातंय म्हणू नको. पायाला काय वाटतंय ते सांग. फुगा दाबल्यासारखं? थुलथुलीत?"

आयुष्यभर तो मला सांगत आला होता, गाडीला काय होतंय ते. आज मला सांगायचं होतं आणि माझ्याकडे शब्द नव्हते. मी डोळे मिटले. पुन्हा पाय उचलला, पुन्हा अलगद ठेवला.

"थुलथुलीत नाही. खाली काहीतरी घट्टच आहे. पण ते थांबत नाही. कृष्णेच्या काठाला ओल्या वाळूत उभं राहिलं की कसं होतं? आपण जोर लावत नाही, पण पाय आपोआप रुतत जातो. तसं."

तो हसला. किती महिन्यांनी हसला ते मला सांगता येणार नाही.

"अगं, तूच शोधलंस की." त्याचा हात पॅडलवरच्या माझ्या पायावर आला. "परत कर. मला बघू दे." त्याच्या हाताखाली माझा पाय सावकाश खाली गेला. "हवा असती तर स्पंजासारखं लागलं असतं. बाहेर गळत असतं तर बाटलीतलं कमी झालं असतं. ऑइल बाहेर जात नाही, वाफ होत नाही, आणि तरी पॅडल खाली जातंय. म्हणजे ते आतल्या आत मागं पळतंय. मास्टर सिलिंडरमधलं, म्हणजे पॅडल जिथून ऑइल पुढं ढकलतं तिथलं सील गेलंय. जोरात मारलं की रबराची कड फाकून भिंतीला चिकटते आणि अडवते. हळू दाबलं की फटीतनं ऑइल मागं निसटतं."

"म्हणून त्यांना कळलं नाही."

"ते मेकॅनिकच्या पायानं दाबतात. मीही तसाच दाबायचो. तुझा पाय हलका म्हणून तो चोर सापडला."

खात्री करायला आम्ही मेकॅनिकना पुन्हा बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या चिमट्यांनी बंद केल्या. आता चाकांकडे थेंबही जाणार नव्हता. मी पाय ठेवला. पॅडल तरीही रुतत गेलं. त्यांनी स्वतः बसून माझ्यासारखा हलका पाय ठेवून बघितला आणि म्हणाले, "बरोबर हाय साहेब. दोष सिलिंडरमधीच." जाताना सिलिंडर काढून, पुसून, नवऱ्याच्या हातात देऊन गेले.

पण असाच नवा सिलिंडर जगात कुठं मिळणार? "एकच माणूस हा दुरुस्त करेल," मी म्हणाले. कुणाबद्दल बोलतेय ते त्याला कळलं. त्याचा चेहरा लगेच मिटला.

तो माणूस म्हणजे त्याचा कॉलेजातला मित्र. सांगलीत इंजिनिअरिंगला दोघं एका खोलीत राहायचे. आमच्या लग्नात माझ्या घरच्यांची समजूत घालायला हाच आला होता. माधवनगरला जुन्या गिरण्यांच्या भागात त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. डोळे गेल्यापासून नवऱ्याने त्याचा एकही फोन घेतला नव्हता. "त्याने मला असं बघू नये," एवढंच एकदा म्हणाला होता.

"तू जा घेऊन," तो म्हणाला.

"मला आतलं काय कळतंय? तो चार प्रश्न विचारेल. मी काय सांगू?"

हे अगदी खरं नव्हतं, पण मला त्याचं काही वाटत नाही.

आम्ही एसटीने सांगलीला गेलो. सिलिंडर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून त्याने पिशवीत घेतला आणि पिशवी मांडीवर. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं, तो एक शब्द बोलला नाही. माधवनगरला वर्कशॉपच्या दारात पोचलो तेव्हा मशीन चालू होतं. मित्राने आम्हाला बघितलं आणि मशीन बंद केलं. नवऱ्याने माझा दंड धरला होता.

मित्र हात पुसत पुढे आला. तो म्हणाला, "गाढवा, फोन उचलायला काय हात पण गेलेत काय रं तुझे?"

आणि त्याला मिठी मारली. पिशवीसकट. दोघं तसेच उभे राहिले. मी तोंड फिरवून बाहेर रस्त्याकडे बघत राहिले, कारण मलाही आवरेना.

मग काम सुरू झालं. मित्राने सिलिंडर शिकंज्यात धरला, सील बाहेर काढलं. रबराची कड चावल्यासारखी झाली होती. त्याने बॅटरीचा उजेड आत मारला. "हे बघ, खालच्या अंगाला गंजाचे खड्डे पडलेत..." आणि एकदम थांबला. 'बघ' म्हणाला म्हणून त्याचं त्यालाच लागलं असावं.

मग त्याने नवऱ्याचा उजवा हात घेतला, करंगळी वेगळी केली आणि सिलिंडरच्या तोंडातून आत सरकवली. "इथं. आणखी आत. लागलं?"

"लागलं," नवरा म्हणाला. करंगळी फिरवत राहिला. "अरे, हे तळाकडंच आहे. रोजच्या वापरात पिस्टन इथपर्यंत येतच नाही. आम्ही हवा काढताना पॅडल तळापर्यंत मारलं, तेव्हा सील या खड्ड्यांवरून घासलं. होतं त्याहून फाटलं."

"व्हय. घाटात पहिल्यांदा गळालं, आणि दुरुस्तीनं आणखी बिघडवलं. लय जणांचं होतं गड्या." मित्राने फडकं खांद्यावर टाकलं. "नुसतं सील बदलून भागायचं न्हाई. आत स्टीलची पातळ नळी, स्लीव्ह, बसवतो. सील त्या मापाचं मिळवतो मी कुठूनतरी. वहिनी, तुमी आता घरी चला, भाकऱ्या टाकल्यात."

टाकल्या नव्हत्या. त्याने फोन करून मग टाकायला सांगितल्या. आम्ही त्याच्याकडे जेवलो. खोलीत राहायच्या दिवसांच्या गोष्टी निघाल्या, त्यातल्या निम्म्या मी प्रथमच ऐकत होते. आमटी वाढताना मित्राची बायको माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भावजी, वाटी डाव्या हाताला, लिंबू वर." इतकं सहज, जणू ती रोजच तसं वाढते. कुणी त्याला भरवायला गेलं नाही, कुणी कीव केली नाही. परतताना एसटीत तो खिडकीशी बसून सांगलीच्या सगळ्या जुन्या खाणावळींबद्दल बोलत होता. मी फक्त हूं हूं करत होते.

सील शोधायला वेळ लागला. रोज संध्याकाळी मित्राचा फोन यायचा आणि रोज नवरा तो उचलायचा. कधी सीलचं मोजमाप, कधी नुसत्याच गप्पा. सिलिंडर तयार झाला तेव्हा मित्राने तो पार्सलने पाठवला नाही. स्वतः घेऊन साताऱ्याला आला, सोबत भडंगाची मोठी पिशवी.

सिलिंडर त्याने बसवला, पण हवा काढायचं काम आम्ही दोघांनी केलं. मी पॅडलवर, नवरा चाकाशी आडवा पडून, हातात पाना. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मित्र नुसता पायरीवर बसून भडंग खात होता आणि मुद्दाम काही बोलत नव्हता.

"दाब," नवरा खालून म्हणायचा. "धर." पाना फिरायचा, नळीतून ऑइल निघायचं. "बुडबुडा आला. आवळलं. सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर. या वेळी पॅडल तळापर्यंत न्यायचं नाही म्हणून त्याने खाली लाकडाचा तुकडा ठेवायला लावला होता. बुडबुडे त्याला बोटांना कळत होते की कानाला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. चारही चाकं झाली तेव्हा त्याच्या शर्टाला सगळीकडे ऑइल होतं आणि कपाळावर मातीचा पट्टा.

"आता अंड्यावर पाय ठेव," तो म्हणाला.

मी ठेवला. पॅडल थोडं गेलं आणि थांबलं. मी वाट बघितली. पाय तिथंच राहिला. आणखी वाट बघितली. हलकेच, मग थोडा जोर देऊन, मग पुन्हा हलकेच.

"रुतत नाही," मी म्हणाले.

आधी मी एकटीच गाडी बाहेर काढली. चढाला थांबवून बघितली, उताराला थांबवून बघितली, मोकळ्या रस्त्यावर वेग धरून थांबवून बघितली. परत येऊन किल्ली मित्राच्या हातात दिली. बेडकीत दोघांचीच जागा, आणि त्या दिवशी ती जागा त्या दोघांची होती. मित्राला आत शिरताना पोट आवळावं लागलं. नवरा शेजारी बसला, काच खाली केली आणि दारावर कोपर टेकवलं, पूर्वी चालवताना टेकवायचा तसं.

ते बराच वेळ आले नाहीत. मी पायरीवर बसून उरलेलं भडंग खाल्लं. मेकॅनिक चौकशीला आले, त्यांना चहा दिला. त्यांनी बसून इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि जाताना म्हणाले, "आता आमीबी हलक्या पायानं बघतोय ताई, समद्यांच्या गाड्या." ऊन उतरलं. मला काळजी वाटत नव्हती, याचंच मला नवल वाटत होतं. मी अशी स्वस्थ बसून किती दिवस झाले होते!

शेवटी गल्लीच्या तोंडाला बेडकीचा आवाज आला, आणि त्यावर नवऱ्याचा. तो मित्रावर खेकसत होता, "अरे तिसरा टाक, तिसरा! इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का तुला?"